एकही तक्रार आली नाही

२ फेब्रुवारी

आज मला पद मिळालं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही कुणाच्या पाया न पडता! आमच्या योगवर्गाच्या मुख्य संस्थेने फर्मान काढलंय की प्रत्येक केंद्रात एक ‘सुरक्षितता प्रतिनिधी’ हवा. म्हणजे शिकवणारा कुणी वावगं वागला, तर विद्यार्थ्यांनी ज्याच्याकडे जाऊन सांगायचं तो माणूस. दादांनी माझं नाव दिलं. “ताईंच्या पोटात तीळ भिजत नाही, तरी लोक सगळं त्यांनाच सांगतात,” असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसले. दादा वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही दादाच म्हणते.

दिवसभर प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाई काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं एवढंच की शरीराला हात लावायच्या आधी शिक्षकाने विचारायचं. कुणी काही सांगायला आलं तर ऐकायचं, त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि ज्याच्याबद्दल सांगितलंय त्याच्या कानावर सांगणाऱ्याचं नाव जाऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही हो, आमचे दादा देवमाणूस आहेत. बाई म्हणाल्या, “छान. तरी वही ठेवा.”

म्हणून ही वही. दादांबद्दल आधीच लिहून टाकते म्हणजे पुढे प्रश्न नको. हे गेले तेव्हा माझी कंबर धरली होती. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून काढलेली, त्यात तो धक्का. मला उठून बसायचं म्हटलं तरी सुनेला हाक मारावी लागे. दादांनी दीड वर्षात मला उभं केलं. आज मी खाली वाकून पायाचे अंगठे धरते. असल्या माणसावर पहारा ठेवायला मला नेमलंय, आता बोला!

५ फेब्रुवारी

संस्थेने सांगितलंय की प्रत्येकाच्या चटईशी एक खूण हवी. हिरवी वर असेल तर शिक्षकाने हात लावून आसन सुधारलेलं चालेल, लाल वर असेल तर नुसतं तोंडाने सांगायचं. ते पुठ्ठ्याचे तुकडे पाठवणार होते. म्हटलं पुठ्ठा चार दिवसांत चुरगळेल. मी घरच्या चिंध्यांतून तीस गोल चकत्या शिवल्या, एका बाजूला हिरवं कापड, एका बाजूला लाल. कडेला दुहेरी टीप घातली. दादा हातात घेऊन म्हणाले, “वा, ताई! पण एक सांगू? हाताशिवाय आसन कळत नाही. तोंडाने सांगून पोहायला शिकवता येतं का?”

मला पटलं. पण नियम तो नियम.

तक्रारपेटीही आली, लाकडाची, कुलूपवाली. दाराशी, चपलांच्या फळीवर ठेवली.

६ फेब्रुवारी

सगळ्या चकत्या हिरव्या! एक सोडून. लायब्ररीत काम करणारी ती किडमिडीत मुलगी आहे ना, तिने लाल वर ठेवली. मुलगी म्हणजे बत्तीस-तेहतीसची असेल, पण चण लहान. चार महिन्यांपासून येते. बोलत फारशी नाही, आली की चटई अंथरायची, निघाली की गुंडाळायची.

दादांनी रांगेतून फिरताना तिच्यापाशी थांबून दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. म्हणाले, “इथे सिग्नल लागलाय, गाडी पुढे जाणार नाही.” काय हशा पिकला! दातांच्या डॉक्टरीणबाई तर त्रिकोणासनातून खालीच बसल्या. हसता हसता त्या मुलीनेही चकती उलटी करून हिरवी केली. बरं झालं, जरा रुळली तर. फार आखडून असते.

१४ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेटी दर शनिवारी उघडते. रिकामी. एकदा त्यात कुणीतरी पंख्याचा आवाज येतो म्हणून चिठ्ठी टाकली होती. ती मी दादांना वाचून दाखवली.

लायब्ररीवालीने जागा बदलली. तिसऱ्या रांगेत मध्ये बसायची, आता मागे भिंतीला चिकटून. मी म्हटलं, तिथे हवा लागत नाही. म्हणाली, “चालेल मावशी.” शिवाय एवढ्या उकाड्यात जाड सदरा घालून येते. मी शिवणारी बाई, मला असला सदरा आसनांसाठी बघवत नाही. काखेत ताणला जातो.

दादा तिच्याकडे जास्त लक्ष देतात हेही खरं. तिच्याच कशाला, नव्या आलेल्या सगळ्याच मुलींकडे. पोस्टातून निवृत्त झालेले काका वर्षभर वाकड्या गुडघ्याने उभे राहतात, त्यांना कधी हात लावून सरळ केलं नाही. पण काकांचा गुडघा आता ब्रह्मदेव आला तरी सरळ व्हायचा नाही, दादा तरी काय करणार.

घरी सुनेला म्हटलं, तूही ये परत, पाठ दुखते म्हणतेस ना सारखी. दोन वर्षांपूर्वी पाच आठवडे आली होती आणि सोडलं. तेव्हापासून मी वर्गात सांगते, आमच्या सूनबाईंचा उत्साह म्हणजे दुधाचा ऊत. ती म्हणाली, “आई, वेळ कुठे मिळतो.” आणि उठून कपडे वाळत घालायला गेली. अर्धे आधीच वाळले होते.

२० फेब्रुवारी

शवासनात माझं काम म्हणजे दिवे मालवायचे, खिडक्यांचे पडदे ओढायचे आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर एकेक छोटी कापडी पिशवी ठेवायची. पिशव्या मीच शिवल्यात, आत जवस भरलंय. त्या हलक्या वजनाने डोळे आपोआप निवतात.

लायब्ररीवाली शवासनात डोळे उघडे ठेवते. नुसते उघडे नाहीत, छताकडेही नाही, दादा जिथे असतील तिथे तिची नजर फिरते. मी दोनदा खुणावलं. मग आज तिच्यासाठी घरून वेगळी पिशवी शिवून नेली, मऊ सुती कापडाची, जरा जड. तिच्या जवळ बसले आणि हळूच डोळ्यांवर ठेवली. ती अशी काही दचकून उठली की मीच मागे सरकले. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, म्हटलं, “मीट बाई डोळे, मी आहे ना इथे.” मग ती निजली. पिशवी तशीच राहू दिली तिने. पण हाताच्या मुठी उघडल्या नाहीत.

२७ फेब्रुवारी

आज वर्ग सुटल्यावर लायब्ररीवाली मागे राहिली. घोंगड्यांच्या घड्या घालायला लागली. चार घड्या झाल्यावर म्हणाली, “मावशी, तुम्ही त्या प्रतिनिधी आहात ना?”

मी म्हटलं, “हो बाई, मीच ती.”

“दादांना सांगाल का, मला हात लावू नका म्हणून? माझं नाव न घेता. सगळ्यांसाठीच म्हणून सांगा.”

“का गं? चकती आहे की लाल करायला.”

“लाल केली की ते सगळ्यांसमोर काहीतरी बोलतात.”

“अगं, थट्टा करतात! त्यांचा स्वभावच तो.”

तिने पाचवी घडी घातली. मग घोंगडीकडे बघत म्हणाली, “आसन सुधारून होतं, तरी हात उचलत नाहीत.”

मी तिला माझ्या कंबरेची गोष्ट सांगितली. दादांनी मला कसं उभं केलं, किती वेळा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवलाय, कसं पोटच्या पोरासारखं केलं. म्हटलं, काही लोकांना स्पर्शाची सवय नसते, घरचं वातावरण तसं असतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “बरोबर आहे मावशी. माझंच काहीतरी असेल.”

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी बोलते त्यांच्याशी. गैरसमज आहे, बसून बोललं की मिटतो. तिने लेखी काही दिलेलं नाही, त्यामुळे ही तक्रार धरायची की नाही कळत नाही. नुसतं बोलणं झालं असं लिहिते.

२८ फेब्रुवारी

दादांना सांगितलं. नाव न घेता सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलं, “भिंतीजवळची का?” आणि मला खोटं बोलता येत नाही. त्यांना फार लागलं. किती वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. म्हणाले, “ताई, बावीस वर्षं झाली मला शिकवताना. आज हे ऐकायचं राहिलं होतं.” मलाच अपराधी वाटायला लागलं. म्हणाले, त्या मुलीच्या घरी काहीतरी त्रास असणार, अशा बायकांना प्रत्येक पुरुषात तेच दिसतं.

मी विचार केला नव्हता, पण असू शकतं.

१ मार्च

मोठ्या मनाचा माणूस! आज वर्ग सुरू व्हायच्या आधी दादा सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, “माझ्या हाताचा कुणाला त्रास झाला असेल, तर आत्ता इथे हात वर करा. मी आजपासून शिकवणं बंद करतो.” डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. एकही हात वर गेला नाही. मी मागे वळून लायब्ररीवालीकडे बघितलं, म्हटलं बाई, आता तरी शंका फिटली असेल. तिचे हात मांडीखाली होते.

दुसरा कुणी असता तर चिडला असता, डूख धरला असता. यांनी सरळ जाहीर विचारलं.

९ मार्च

लायब्ररीवाली आठ दिवस आली नाही. चटईही घेऊन गेलेली दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्लीच्या मुलींना टिकाव नाही.

आज वार्षिक पत्रक भरून दिलं. दुसऱ्या पानावर माझ्यासाठी एकच ओळ होती, ‘या वर्षात माझ्याकडे एकही तक्रार आली नाही’, आणि खाली सही. पेन हातात घेऊन मी क्षणभर थांबले, खोटं का बोलू. मग म्हटलं, पेटी रिकामी आहे, लेखी काही नाही, जे होतं ते समोरासमोर मिटलं. केली सही.

पत्रक स्वच्छ गेल्याने दादांना मोठा मान मिळतोय. पाच एप्रिलपासून दहा दिवसांचं निवासी शिबिर त्यांच्याकडे दिलंय. चौदा नव्या शिक्षिका घडवायच्या. सगळ्या विशी-पंचविशीच्या मुली.

१७ मार्च

आज घडलं ते लिहायलाच हवं.

दुपारी जेवताना मी शिबिराचं कौतुक सांगत होते. पत्रकाची प्रत दाखवली मुलाला, बघ म्हटलं, तुझ्या आईची सही संस्थेत चालते. सुनेने ती प्रत ओढून घेतली. वाचली. म्हणाली, “एकही तक्रार नाही?”

मी म्हटलं, “एक मुलगी कुरकुरत होती, पण ते मिटलं.”

“कशाबद्दल?”

मी सांगितलं. हात उचलत नाहीत म्हणाली, म्हणून सांगितलं. सून माझ्याकडे बघत राहिली. मुलगा म्हणाला, “जाऊ दे ना आता.” कुणाला म्हणाला ते मला कळेना. मी तर काही धरून बसलेच नव्हते.

सून त्याला म्हणाली, “नाही, आता नाही जाऊ देणार.” मग माझ्याकडे वळली. “आई, मी आळशी नव्हते. मी त्यांच्यामुळे सोडलं.”

एवढंच बोलली आणि तोंड धुवायला गेली. मी मुलाला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, “तिने तेव्हाच सांगितलं होतं. मीच म्हटलं आईला कळू देऊ नको. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तू नुकती कुठे चालायला लागली होतीस. तुला तेवढंच एक ठिकाण होतं.”

म्हणजे माझ्या घरात, माझ्या ताटाशी बसून, ही दोघं दोन वर्षं माझं सुख सांभाळत होती. आणि मी वर्गात उभी राहून सुनेच्या नावाने विनोद करत होते. दादा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

१८ मार्च

वही पहिल्यापासून वाचली. त्यात सगळं आहे. मीच लिहिलंय, तारखेसकट. भिंत, सदरा, मुठी, काकांचा गुडघा. डोळ्यांवर कातडं ओढून बसलेली बाई दुसऱ्यांच्या डोळ्यांवर पिशव्या ठेवत फिरत होती. ती मुलगी पहारा देत होती स्वतःवर, कारण पहाऱ्याला नेमलेली बाई झोपली होती. आणि मी तिचे डोळे माझ्या हाताने झाकले.

आज दुसरं काही लिहवत नाही.

१९ मार्च

वर्गाला गेले, पण आसनं केली नाहीत. कंबर धरली म्हणून मागे खुर्चीवर बसले आणि फक्त दादांचा हात बघितला.

चाळीस वर्षं मी मापं घेतली. बायकांची, पुरुषांची, लहान पोरांची. मापाला हात लावावाच लागतो. पण आधी सांगायचं की आता छाती घेते, आता कंबर घेते. आणि टेप जुळली, आकडा वाचला, की हात काढायचा. पुढच्या श्वासाला हात तिथे असता कामा नये. हे मला कुणी शिकवलं नाही, ते हातालाच कळतं. ज्याच्या हाताला कळत नाही त्याच्याकडे बाई दुसऱ्यांदा कपडा टाकत नाही.

दादांनी एका नव्या मुलीचा खांदा सरळ केला. झाला सरळ. मी मनात आकडे मोजले. अकरा झाले तरी हात खाली सरकून तिथेच होता. मुलगी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिची चकती हिरवी होती. सगळ्यांच्याच हिरव्या होत्या, दादांनी सहा फेब्रुवारीलाच तशी सोय करून ठेवली होती आणि मी त्यावर हसले होते.

लायब्ररीवाली ‘आसन सुधारून होतं, तरी हात उचलत नाहीत’ म्हणाली होती. हे वाक्य दुनियेत कुणाला कळायला हवं होतं? एका शिंप्याला! मला!

वर्ग सुटल्यावर मी दादांना गाठलं. म्हटलं, मी बघितलं आज. त्यांनी काय बघितलं असं विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, “ताई, तुमची कंबर कुणी उभी केली?” मी म्हटलं, “तुम्हीच.” “मग?” म्हणाले.

मी चपला घातल्या. पाय ओढत घरी आले. त्या ‘मग’चं उत्तर आता इथे लिहिते. मग काही नाही, दादा. माझी कंबर उभी केलीत त्याची किंमत त्या मुलींनी का द्यायची?

२२ मार्च

लायब्ररीत गेले. तीन दिवस धीर गोळा करत होते.

ती परत आलेली पुस्तकं गाडीवर लावत होती. मला बघून हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. मी म्हटलं, बाई, मी तुझं नाव त्यांना सांगितलं. म्हणाली, “माहीत आहे. एक मार्चलाच कळलं.” मी म्हटलं, मी चुकले. म्हणाली, “हो.”

सारवासारव नाही, राग नाही, नुसतं हो. काही लोक वाचत बसले होते म्हणून आम्ही हळू बोलत होतो. मी तिथेच उभी, डोळ्यांना धार लागलेली, नाक पुसायला रुमाल सापडेना. तिने टेबलावरचा कागदी रुमाल काढून दिला. मला लाज वाटली, की इथेही तिनेच माझं करायचं.

ती म्हणाली, “दादांचा मला राग येतो मावशी. पण रात्रीची झोप जाते ती तुमच्या आठवणीने. मी महिनाभर विचार करून सगळ्या वर्गातून तुम्हाला निवडलं होतं.”

मी तक्रार लिहिणार आहे, असं सांगितलं. तुझं नाव घालू का विचारलं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. जाताना म्हटलं, हवं तेव्हा घरी ये. तिने मान हलवली, पण ती ‘नाही’ म्हणून की ‘बघू’ म्हणून, हे मी माझ्या सोयीने लावून घेणार नाही.

२४ मार्च

काल संस्थेत जाऊन तक्रारीचं पत्र, त्यांच्या छापील नमुन्यावर, देऊन आले होते. ‘तक्रार कुणाविरुद्ध’ या ठिकाणी एका नावाची जागा होती, मी दोन लिहिली. दादांचं आणि माझं.

आज तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस सभ्य आहे. म्हणाले, “तुमचं पत्र मिळालं. पण नऊ मार्चला तुम्हीच सही करून दिलंय की एकही तक्रार आली नाही. पंधरा दिवसांत तुमचं म्हणणं बदललं. त्यांच्याकडे विचारलं तर ते म्हणतात, ताईंची तब्येत ठीक नाही, हल्ली चिडचिड करतात.”

मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय.

“तुम्ही आसन सुधारताना बघितलंत, असं ते म्हणतील. निदान एका व्यक्तीने स्वतःच्या नावाने सांगायला हवं. नाहीतर आम्ही फक्त समज देऊ शकतो. शिबिर थांबवता येणार नाही.”

शिबिराला बारा दिवस राहिलेत. चौदा मुली. नियमाप्रमाणे प्रतिनिधी म्हणून माझाच फोन नंबर त्यांच्या खोल्यांत लावतील. कुंपणानेच शेत खाल्लं आणि राखणीला मी बसले होते. एका सहीने मी माझा शब्द असा मातीत घातला, की आता खरं बोलते तर कुणी धरत नाही.

वर्गातही कळलंय. सकाळी डॉक्टरीणबाई रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, “ज्या हाताने बरं केलं त्याच हाताला चावलात.” महिन्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

२६ मार्च

सुनेला मी काही विचारलं नव्हतं. शपथेवर लिहिते, विचारणार नव्हते. फोनचं मुलाला सांगत होते, ती आत चादरी बदलत होती. बाहेर आली, उशी तशीच हातात. म्हणाली, “माझं नाव लिहा.”

मुलगा म्हणाला, “अगं, आता कशाला उकरून काढायचं? चौकशी होईल, चार लोकांत बोलणं होईल.”

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण तो माझाच मुलगा आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्याला मीच शिकवलं. म्हणून फक्त म्हटलं, तू बाहेर जाऊन ये जरा. तो गेला. दारातून एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं त्याने, आणि म्हणाला, “मी संध्याकाळी येतो तुझ्याबरोबर संस्थेत. यायचं असेल तर.”

ती म्हणाली, “ये.”

मी तिला म्हटलं, नीट विचार कर. ती म्हणाली, “आई, दोन वर्षं केला.” मी चष्मा लावला, कोरा कागद घेतला. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. लग्नाआधीचं आडनाव की आताचं, ते तिला विचारून.

मग ती सांगायला लागली. उशी मांडीवर घेऊन, अगदी सपाट आवाजात. कुठला दिवस, कुठली रांग, कुठलं आसन. तिला सगळं आठवत होतं. मी कुठे उभी होते तेही. चौथ्या आठवड्यात ती माझ्याकडे बघत होती म्हणे, मी बघेन म्हणून, आणि मी कुणाशीतरी हसत होते. मी तेही जसंच्या तसं लिहिलं. एक पान भरलं, दुसरं घेतलं. ती रडली नाही. मध्ये एकदा थांबली, खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हा माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, अगं, मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

मी ते गिळलं. का नाही सांगितलं, ते मला माहीत होतं.